५५६ करिअर आणि एक शर्ट

पिंपरी-चिंचवडमध्ये 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला हुद्दा सांगायची पद्धत नाही, गेट सांगायची आहे. मुलगा टेल्कोत असतो, बजाजला असतो, नाहीतर चाकणला महिंद्रात 'लागलेला' असतो. तो आत नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही धड ठाऊक नसतं आणि त्यावाचून तिचं काही अडतही नाही. (टेल्कोचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, ही बातमी अजून चिंचवड स्टेशनच्या पुढे पोचलेली नाही.) गेट कळलं की विचारणारा जरा थांबतो, चहाचा घोट घेतो आणि मग खरा प्रश्न विचारतो : 'परमनंट झाला का?' या तीन शब्दांत पगार, पीएफ, मेडिकल, गृहकर्ज, लग्न आणि होणाऱ्या सासऱ्याची झोप एवढं सगळं येतं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या मावश्या-आत्यांनी, कुठलंही अनुदान न घेता, साठेक वर्षांच्या निरीक्षणातून हा प्रश्न घासूनपुसून तयार केलेला आहे. आता शाळांतून करिअर मार्गदर्शनासाठी सॉफ्टवेअरं आली आहेत. त्यांत प्रश्नांना तोटा नसतो. तुम्हाला फुलझाडं आवडतात का, चारचौघांत बोलायला आवडतं का, मोडलेलं घड्याळ उघडून बघावंसं वाटतं का. मावशीचा प्रश्न तेवढा नसतो. माझं म्हणणं इतकंच आहे, आणि ते मी थोडं लांबवणार आहे.

सरकारने हात आखडता घेतला असं मात्र म्हणता येणार नाही. मे २०२० मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने युनिसेफच्या मदतीने 'महाकरिअर पोर्टल' सुरू केलं. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्याने आपला 'सरल' हा सरकारी विद्यार्थी क्रमांक टाकायचा, सुरुवातीचा पासवर्ड म्हणून १२३४५६ टाकायचा, की दार उघडलं. आत ५५६ करिअर, २१,००० संस्था आणि महाविद्यालयं, ११५० प्रवेश परीक्षा आणि १२०० शिष्यवृत्त्या. अलीबाबाच्या गुहेलाही याहून अवघड परवलीचा शब्द होता. मुहूर्तही असा, की टाळेबंदीने कारखान्यांचा अर्धाअधिक पट्टा बंद पडलेला, कामगार गावाकडे चालत निघालेले, आणि पोर्टलवर ५५६ वाटा उघडलेल्या. युनिसेफचा आणि या भागाचा ऋणानुबंध तसा जुना आहे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला तोही युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने. त्यानंतर एमआयडीसी आली, बजाज आली, टेल्को आली आणि माळाचं शहर झालं. पहिल्या खेपेला युनिसेफने यंत्रं दिली आणि लोक परमनंट झाले. दुसऱ्या खेपेला यादी दिली.

पोर्टलच्या आधी कलचाचणी होती. फेब्रुवारी २०१६ पासून दहावीच्या मुलांना संगणकासमोर बसवून त्यांचा कल सात क्षेत्रांपैकी कुठे आहे हे सांगितलं जाऊ लागलं : कृषी, वाणिज्य, कला व मानव्यविद्या, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. हे सातवं क्षेत्र वाचून या पट्ट्यातल्या माणसाला गहिवरून यायला हवं. चाचणीला त्यात लष्कर आणि पोलीस अभिप्रेत होते. पण पहाटे निगडीच्या चौकात उभं राहून पाहिलं तर अख्खं शहरच गणवेशधारी सेवेत असल्याचं दिसतं. छातीवर कंपनीचं नाव, पायांत सेफ्टी शूज, हातात डबा. आणि लष्करात जशी खांद्यावरच्या पट्ट्यांवरून माणसाची जागा कळते, तशी इथे बऱ्याच कारखान्यांत ती शर्टाच्या रंगावरून कळते. परमनंटचा रंग वेगळा, ट्रेनीचा वेगळा, कंत्राटदाराच्या माणसाचा त्याहून वेगळा. एकाच लाइनवर, एकाच पान्याने, एकाच गाडीचे तेच नट आवळणारे तीन जण तीन रंगांचे आणि तीन पगारांचे असतात. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र तिघांचं करिअर एकच : 'ऑटोमोबाइल क्षेत्र, असेंब्ली'. सोबत हसऱ्या तरुणाचा फोटो. त्या तरुणाच्या शर्टाचा रंग कुठला, हे तळटिपेतही नसतं.

खरं तर सगळी गोम या रंगात आहे. इथल्या पोराचा प्रवास साधारण असा असतो : दहावी, मग आयटीआय, फिटर किंवा टर्नर किंवा मशिनिस्ट, मग १९६१ च्या कायद्याखाली अप्रेंटिसशिप, मग 'ट्रेनी' म्हणून दुसरं गेट, मग कंत्राटावर तिसरं. दरम्यान 'ब्रेक' नावाचा प्रकार येतो. हा शब्द ऐकून शाळेतल्या मुलाला डबा आठवतो. कामगाराला २४० हा आकडा आठवतो. औद्योगिक विवाद कायद्याने सलग सेवा मोजताना २४० दिवसांची रेघ मारली, आणि ती रेघ कुठे आहे हे कळल्यावर माणसाला तिच्या अलीकडेच उतरवण्याची कला भरभराटीला आली. भोसरीतल्या पोराला पायथागोरस विसरून चालतं, २४० विसरून चालत नाही. २०१३ साली यात अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची 'नीम' नावाची योजना भर घालायला आली. रोजगारक्षमता वाढवण्याच्या राष्ट्रीय मोहिमेच्या इंग्रजी आद्याक्षरांतून हे नाव निघालं आणि तिच्यातला मुलगा कर्मचारी नव्हे तर प्रशिक्षणार्थी ठरला. नीम म्हणजे कडुनिंब, आणि नीमहकीमातला नीम म्हणजे अर्धवट. नाव ठेवणाऱ्याने दोन्ही अर्थ मनात धरले असतील असं वाटत नाही. पण एखाद्या योजनेचं इतकं प्रामाणिक बारसं क्वचितच होतं. तर, कामाचं नाव तेच राहून कामाची जात बदलते ती अशी. करिअर सॉफ्टवेअर कामाच्या नावांची यादी करतं. इथला माणूस जगतो तो जातीवर.

या सॉफ्टवेअरांच्या मूळपुरुषाला हे कळत होतं, ही यातली गंमत आहे. व्यवसाय मार्गदर्शनाचा जनक मानला जाणारा फ्रँक पार्सन्स याने १९०८ साली बॉस्टनमध्ये आपलं केंद्र उघडलं. बॉस्टन तेव्हा कारखान्यांचं, बाहेरून आलेल्या लोंढ्यांचं शहर होतं; म्हणजे मार्गदर्शनाचा हा धंदा जन्मला तोच कुठल्यातरी चिंचवडात. स्वतः पार्सन्स शिकून इंजिनिअर झाला, रेल्वेच्या कामाला लागला, १८७३ च्या मंदीत ती कंपनी बुडाली, मग पोलाद लाटण्याच्या कारखान्यात मजुरी केली, मग शाळेत शिकवलं, मग वकील झाला आणि पुढे कायदा शिकवू लागला. असा बायोडेटा आज चाकणच्या कुठल्याही एचआरपुढे गेला तर 'स्थिरता नाही' असा शेरा बसेल. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्ये निघालं आणि त्यात तीन पायऱ्या सांगितल्या होत्या : स्वतःला नीट ओळखा, कामाच्या अटी, फायदे-तोटे, मोबदला आणि पुढची संधी नीट जाणून घ्या, आणि मग या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. पुढच्या शंभर वर्षांत पहिली पायरी इतकी गुळगुळीत करण्यात आली की तिच्यावरून घसरून माणूस थेट अहवालात पडतो. दुसरी पायरी माहितीपत्रक झाली. तिसरीच्या जागी 'पुढे जा' असं बटण आलं.

पहिली पायरीच लाडकी का झाली, याचं कारण उघड आहे. मुलाला प्रश्न विचारायला खर्च येत नाही आणि मुलगा तक्रार करत नाही. शिवाय मिळालेलं उत्तर सगळ्यांना आवडतं. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा 'खास' अहवाल दिला. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन मुलांनी तो अचूक असल्याची ग्वाही दिली. अहवाल सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. 'तुमच्यात नेतृत्वगुण आहेत, मात्र त्यांना योग्य वातावरण मिळायला हवं' असं वाक्य छापून आलं की आकुर्डीपासून राजगुरुनगरापर्यंत एकही पालक 'छे, आमच्या बंड्यात कसले गुण!' असं म्हणणार नाही. सगळ्या चाचण्या अशा असतात असं नाही. पुण्यात १९६२ पासून काम करणाऱ्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने अभिक्षमता मापनाचं काम गंभीरपणे केलं आहे, आणि तिची शाळा तर निगडीतच आहे. जॉन हॉलंडने १९५९ पासून मांडलेले आवडींचे सहा प्रकारही अभ्यासातून आलेले आहेत आणि निम्म्या जगाची करिअर सॉफ्टवेअरं त्या सहा पायांवर उभी आहेत. पण त्यांतला पहिला प्रकार, हातांनी आणि अवजारांनी काम करायला आवडणाऱ्यांचा, इंग्रजीतल्या नावावरून मराठीत 'वास्तववादी' होतो. फिटरच्या मुलाला 'तुम्ही वास्तववादी आहात' असं कळवण्यासाठी लायसन्स विकत घ्यावं लागतं, ही मला त्या कुटुंबाची थट्टा वाटते. वास्तव त्यांना दर महिन्याच्या सात तारखेला कळतच असतं.

आता ५५६ च्या यादीकडे चाकणच्या बाजूने पाहा. खेड तालुक्यात एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या, महाळुंगे, निघोजे, कुरुळी ही ज्वारी-बाजरीची गावं जगाच्या नकाशावर आली, आणि तिथे अनेक नवी करिअरं उगवली जी कुठल्याही पोर्टलवर नाहीत. खोल्या बांधून भाड्याने देणं. कंपनीला बस लावणं. कॅन्टीन चालवणं. पाण्याचे टँकर. कामगार पुरवणं. आणि सर्वांचा मुकुटमणी म्हणजे भंगार. पत्रा कापून उरलेल्या तुकड्यांवर इथे जेवढी महत्त्वाकांक्षा एकवटली आहे तेवढी पूर्ण गाडीवरही नसेल. एखाद्या मुलाने संगणकाला सांगितलं की मला लोकांशी बोलायला आवडतं, जोखीम घ्यायला आवडते, पहाटे उठायला हरकत नाही आणि गणित तोंडी येतं, तर संगणक त्याला व्यवस्थापनाची पदवी सुचवील. गावात शेंबड्या पोराला विचारा. तो म्हणेल, 'भंगाराचं टेंडर भर.' मी हे करिअर म्हणून सुचवत नाही, त्याला लागणारी अभिक्षमता वेगळ्या प्रकारची असते आणि ती मोजायला बहुपर्यायी प्रश्न पुरत नाहीत. पण ज्या यादीत मुलाच्या गल्लीतली निम्मी कमाई कुठून येते हेच नाही, ती यादी ५५६ ची असो की ५,५६० ची, मुलाला परक्या गावच्या टाइमटेबलसारखीच वाटणार. अंतराचंही तेच. सॉफ्टवेअर 'तुमच्या परिसरातील संधी' दाखवतं तेव्हा किलोमीटर मोजतं. शायिस्तेखानाला १६६० मध्ये चाकणच्या भुईकोटापुढे जवळजवळ दोन महिने खोळंबावं लागलं होतं. हल्ली चाकणच्याच तळेगाव चौकात कंटेनरमागे अडकलेल्या माणसाला त्याच्याविषयी सहानुभूती वाटू लागते. इथे नोकरी किती लांब आहे हे नकाशा सांगत नाही, कंपनीची बस कुठून सुटते ते सांगतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो रास्त आहे. सॉफ्टवेअर नको तर मार्गदर्शन कोण करणार? शेजारचे काका? ज्यांच्या मते जगात तीनच करिअर आहेत आणि त्यांतलं एकही त्यांच्या स्वतःच्या मुलाला जमलेलं नाही? की क्लासवाले, ज्यांच्या चाचणीतून आजवर एकाही मुलाचा कल क्लासबाहेर गेलेला नाही? शाळेत समुपदेशनाचा तास ज्यांचा तास रिकामा त्यांच्याकडे जातो, आणि चित्रकलेच्या सरांनी साठ मुलांना फार तर साठ सेकंद द्यावेत. हे सगळं मान्य. सॉफ्टवेअर निदान कुणाचं कमिशन घेत नाही, मुलगी आहे म्हणून 'नर्सिंग बघ की' म्हणत नाही, आणि वेल्डिंगच्या तंत्रापासून वस्त्रकलेपर्यंत ज्या गोष्टी काकांनी ऐकल्याही नाहीत त्यांची नावं सांगतं. चाकणच्या एखाद्या मुलीला न्यायवैद्यक शास्त्र नावाचा विषय असतो हे पोर्टलमुळे कळलं, तर पोर्टलचं निम्मं पुण्य तिथेच वसूल झालं. यादी म्हणून माझी पोर्टलबद्दल तक्रारच नाही. तक्रार ती यादी मार्गदर्शन म्हणून हातात ठेवण्याबद्दल आहे. टेलिफोन डिरेक्टरीत अख्ख्या गावाचे नंबर असायचे, म्हणून कुणी तिला लग्न जमवणारी संस्था म्हणत नसे.

दुसरा आक्षेप शहाण्यासुरत्या लोकांचा असतो. ते म्हणतात, परमनंटचं खूळ आता सोडा. जग बदललं, मुलांना बदलत राहायला शिकवा. याला पुरावाही भक्कम आहे, आणि तो याच पट्ट्यात आहे. ज्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने इथे परमनंट हा शब्द रुजवला, तिथेच पुढे परमनंट माणसांचे पगार महिनोन्महिने थकले. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. आतले परमनंट बाहेर उपोषणाच्या मंडपात बसले. २०२३ मध्ये तो कारखाना ह्युंदाईने घ्यायचं ठरवलं. विजेच्या गाड्यांना क्लच नाही, सायलेन्सर नाही, इंजिन ऑइल नाही, म्हणजे भोसरीतल्या किती शेडना धंदा नाही याचा हिशोब उद्योजक रोज रात्री करतात. तेव्हा मावशीचा प्रश्न कालबाह्य आहे, असं म्हणता येईल. मला उलट वाटतं. एखादी गोष्ट दुर्मिळ झाली म्हणून तिची चौकशी करायची नाही, हा न्याय आपण टोमॅटोलाही लावत नाही. आणि परमनंटपणा खरोखरच संपला असेल तर ते सोळा वर्षांच्या मुलाला तेवढ्याच ठळक अक्षरांत सांगायला हवं : या कामात अमुक वर्षं तू ट्रेनी राहशील, इतक्या वेळा गेट बदलशील, तिशीला तुझ्या हातात अमुक एक कसब असलं तरच टिकशील, आणि ते कसब कंपनी नव्हे, तूच कमवायचं आहेस. सुमंत मुळगावकरांनी पुण्याची टेल्को उभी करताना शिकाऊ मुलं घडवण्याकडे सुरुवातीपासून लक्ष दिलं ते याच समजुतीने. साध्या ऑपरेटरला ब्रेक मिळतो. डाय बसवणाऱ्या, व्हीएमसी यंत्राचं सेटिंग एकहाती लावणाऱ्या माणसाला शेजारच्या शेडमधून फोन येतो. हा फरक पोर्टलवर एका ओळीत मावला असता. त्याऐवजी तिथे लिहिलेलं असतं की या क्षेत्रात उज्ज्वल भवितव्य आहे. भवितव्य उज्ज्वल असल्याचं ज्यांनी लिहिलं ते कुठल्या रंगाच्या शर्टात होते, हा प्रश्न पुन्हा उरतोच.

अमेरिकेतल्या शाळांत नॅव्हिअन्स नावाचं असंच एक सॉफ्टवेअर चालतं. त्यातली चाचणी आपल्यासारखीच आहे, पण एक चीज पाहण्यासारखी आहे. कॉलेज निवडलं की एक आलेख उघडतो आणि त्यावर ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे त्याच शाळेतून आधी गेलेला एकेक विद्यार्थी : गुण किती होते, प्रवेश मिळाला की नाही. नाव नाही, नुसता ठिपका. आपल्याकडे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात दहा कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना पालक मागच्या वर्षीचा कटऑफ जसा पोथीसारखा उघडून बसतात, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. त्या आलेखाचेही तोटे आहेत. शंभर टिंबं लाल दिसली की एकशे एकावं मूल अर्जच भरत नाही. तरीही त्यातली कल्पना लाख मोलाची आहे, आणि आपल्या सॉफ्टवेअरांनी नेमकी तीच उचलली नाही. ज्यांना काही माहीत नाही अशा नववीतल्या मुलांना ती खोदखोदून विचारतात, की बाळा, तुला काय व्हायचंय? त्याच बाकावरून उठून सात वर्षांपूर्वी गेलेला मुलगा आज तिसऱ्या गेटवर आहे, त्याला सगळं माहीत आहे, आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

शाळेच्या दप्तरात तो कुठे संपतो ते पाहण्यासारखं आहे. दाखल्यावर जन्मतारीख अक्षरी आणि अंकी असते, वर्तणूक 'चांगली' असते, शाळा सोडल्याची तारीख असते, आणि 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी' असं लिहिलेलं असतं. त्यापुढे शाळेच्या लेखी तो मंगळावर गेला तरी चालतो. या रकान्यापुढे आणखी एक रकाना वाढवून, दर दोन वर्षांनी एक फोन करून, पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक शाळेने आपापले ठिपके मांडले तर काय दिसेल? फिटर झालेल्या चाळीस मुलांतले किती कुठल्या रंगात आहेत, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेल्यांचं काय झालं, आयटीआयचा 'कोपा' हा संगणकाचा कोर्स केलेल्या मुली हिंजवडीला पोचल्या की वाटेत कुठल्या दुकानाच्या काउंटरवर थांबल्या, कुणी सगळं सोडून सोलर बसवायला लागला आणि बरा कमावतो. यात खासगीपणाचा प्रश्न येतो, मान्य. ठिपक्याला नाव देऊ नये. खर्चाचा प्रश्न येतो, पण फोन करायला परवाना विकत घ्यावा लागत नाही. मुलं खोटं सांगतील हाही आक्षेप आहे. सांगतील. पण 'तुम्हाला नेतृत्व करायला आवडतं का' याला 'हो' म्हणणाऱ्या मुलाच्या खोटेपणावर आपण आजवर एवढी सॉफ्टवेअरं उभी केलीच की.

तूर्त हे काम पहाटे चौकाचौकांत फुकट चालू आहे. कंपनीच्या बसची आणि शाळेच्या व्हॅनची वेळ जवळपास एकच असते. एकाच टपरीच्या आडोशाला दोन गणवेश उभे असतात. लहान गणवेश मोठ्याला विचारतो, 'दादा, आत काय करायला लावतात रे?' मोठा म्हणतो, 'तू आधी बारावी कर,' आणि मग बस दिसेपर्यंतच्या चार मिनिटांत त्याला लाइन सांगतो, सुपरवायझर सांगतो, ब्रेक सांगतो, २४० सांगतो. मधेच लहान्याचं लक्ष जातं. 'तुझा शर्ट मागच्या महिन्यात निळा होता ना?' दादा काही बोलायच्या आत बस येते.